मानीव तुळया

खाल्ल्या घरचे वासे मोजणे हे आपल्याकडे कृतघ्नतेचे लक्षण मानले गेले आहे. ज्याच्या घरी पाहुणचार घ्यावा, त्याच्याच छताकडे परीक्षकाच्या नजरेने पाहावे, हे शिष्टसंमत नव्हे. राहत्या घराच्या छतावर टीकालेख लिहिण्याची प्रथा मराठीत फारशी पडली नाही, त्याचे एक कारण हेही असू शकेल. तथापि या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे व तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वासे मोजता येत होते, म्हणजे ते दिसत होते. घर ज्याच्या बळावर उभे, तेच नजरेसमोर होते. पाहुण्याने मान वर केली की यजमानाची ऐपत, सुताराचे कसब आणि लाकडाची जात ही तिन्ही एका दृष्टिक्षेपात कळत. आज सिमेंट-काँक्रीटच्या सपाट छताखाली बसलेल्या पाहुण्यास मोजण्यासारखे काही उरलेले नाही. आणि म्हणूनच की काय, ज्या तुळयांची घराला गरज नाही त्या तुळया पदरचे पैसे खर्चून छताखाली बसवून घेण्याची हौस आता वाढीस लागली आहे. तुळया उभ्या-आडव्या टाकून छताचे खोल चौकोन पाडावयाचे, त्या चौकोनांत फळ्या, पडद्या किंवा रंग भरावयाचा, आणि कडांना गोलाईच्या पट्ट्या मारावयाच्या, असा हा प्रकार. अशा खणांच्या छताचे मोल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयासाठी आदिलाबादसारखे दुसरे योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. हा जिल्हा सागवानाचा. जन्नारमकडील रानांतले साग ज्याने पाहिले आहेत, त्यास हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. हा जिल्हा भाषांच्या सीमेवरचाही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ हे आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेले. उलट नांदेडच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे महाराष्ट्राकडे आली नाहीत. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा हलत राहिल्या, पण घरांची भाषा हलली नाही. तेलुगूत ज्यास वासम् म्हणतात त्यास मराठीत वासा म्हणतात. सुतार आणि वड्रंगी हे एकाच कामाचे दोन भाषांतले धनी होत.

जुन्या घराचे छत म्हणजे कडीपाट. भिंतींवर अथवा खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटांवर मातीचा थर. दोन तुळयांमधल्या अंतरास खण म्हणत आणि घराचे माप त्या खणांनी सांगत. पाच खणांचे घर म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या घराचा विस्तार उभा राही. मोजण्याचे एकक छताने पुरवावे आणि ते जमिनीस लागू व्हावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. छत हे त्या काळी घराचे झाकण नव्हते. ते घराचा हिशेब होते.

काँक्रीटचा सलग पत्रा आला आणि हा हिशेब मिटला. आता जी तुळई खोट्या छतात दिसते, ती बहुधा आतून पोकळ असते. प्लायवूडच्या तीन पट्ट्या जोडून केलेले ते पन्हाळ असते, आणि ते स्लॅबला ठोकलेल्या लाकडी ठोकळ्यांवर स्क्रूने चढवलेले असते. ती भार उचलत नाही. तिचाच भार स्लॅब उचलतो. कित्येक घरांत तर लाकूडही नसते. जिप्समचे साच्यातून काढलेले खण आणून चिकटवतात आणि त्यांवर सागाच्या रेषांचा रंग मारतात.

यावर पहिला आरोप अर्थातच खोटेपणाचा. इंग्रज टीकाकार जॉन रस्किन याने १८४९ साली वास्तुकलेच्या सात दीपांवरील आपल्या ग्रंथात वास्तूच्या फसवणुकीचे तीन प्रकार सांगितले. जी रचना नाही ती असल्याचे भासवणे हा पहिला. एका पदार्थाला रंगवून दुसऱ्याचे सोंग देणे हा दुसरा. यंत्राने वा साच्याने काढलेले अलंकरण हातकामाच्या जागी ठेवणे हा तिसरा. आरोपपत्र म्हणून पाहिले तर आजच्या आपल्या छतावर तिन्ही कलमे लागू होतात, आणि आरोपीस बचावाला जागा उरत नाही असेच प्रथमदर्शनी वाटते.

परंतु हा न्याय सरसकट लावू गेल्यास आपल्याच भूमीतील थोर कृतींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल. कार्ल्याचे चैत्यगृह घ्या. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ते अखंड खडकात कोरले गेले. डोंगर पोखरून केलेल्या त्या कमानदार छतास कसल्याही आधाराची गरज नव्हती. तरीही कारागिरांनी त्या पाषाणाच्या पोटाला लाकडी फासळ्या बसवल्या, आणि त्यांतील लाकूड आजही जागेवर आहे. त्या फासळ्या काहीही तोलत नाहीत. त्यांच्याआधी जी लाकडी चैत्यगृहे होती, त्यांची ती आठवण आहे. पुढे अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात हीच फासळी दगडातून कोरून काढली, म्हणजे आठवणीचीही आठवण झाली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचे छत तर आपल्या विषयाच्या अगदी जवळचे. ते दालन प्रत्येक बाजूस सुमारे ६४ फूट, आणि त्यात २० खांब. छत सपाट आहे, पण चित्रकारांनी रंगाच्या पट्ट्यांनी त्याचे चौकोन पाडले, आणि त्या चौकोनांत कमळे, फळे, पक्षी, हत्ती, परदेशी वेषातली माणसे भरली. तेथे तुळई नाही, खोलीही नाही. आहे ती केवळ रेघ. यास फसवणूक म्हणण्याचे धाडस कोण करील?

उलट बाजूस रोमच्या पँथिऑनचा घुमट आहे. दुसऱ्या शतकातल्या त्या सुमारे ४३ मीटर व्यासाच्या घुमटास आतून खणांच्या पाच ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत २८ खण आहेत. तेथे खण म्हणजे वगळलेले काँक्रीट. त्यांच्यामुळे घुमटाचे वजन घटते. तो खण काम करतो, कार्ल्याची फासळी काम करत नाही, आणि तरीही दोन्ही पाहताना आपण सारख्याच विश्वासाने मान वर करतो. तेव्हा प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही. रस्किनलाही हे ठाऊक होते. इमारतीवरचा सोनेरी वर्ख ही फसवणूक नव्हे, कारण त्यास कोणी सोने समजत नाही, असे तोच म्हणतो. फसवणुकीस फसणारा लागतो. दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या घरात शिरणारा कोणता पाहुणा समजतो की, वरचा मजला त्या सागवानी तुळईवर उभा आहे?

मग कसोटी कोणती? माझा व्यवसाय वकिलीचा, म्हणून ती मी माझ्याच क्षेत्रातून उचलतो. जे नाही ते आहे असे मानून चालण्याची सवय कायद्यास फार जुनी आहे. दत्तकाचेच उदाहरण घ्या. परक्या घरी जन्मलेला मुलगा दत्तकविधान होताच या घरचा होतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाचे बारावे कलम त्यास दत्तकाच्या तारखेपासून सर्व कारणांसाठी दत्तक पित्याचे अथवा मातेचे अपत्य मानते. यास कोणी खोटेपणा म्हणत नाही. सरकारी मराठीत अशा गोष्टीस मानीव म्हणतात, आणि मानीव अभिहस्तांतरणाच्या निमित्ताने हा शब्द आता सहकारी गृहसंस्थांच्या सभासदांच्याही तोंडी बसला आहे. छतातील पोकळ तुळई ही माझ्या मते मानीव तुळई होय.

अशा विधिकल्पितांसाठी न्यायालयांनी दोन नियम घालून दिले आहेत. पहिला नियम सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली मुंबई राज्य विरुद्ध पांडुरंग विनायक या खटल्यात सांगितला, आणि योगायोग असा की तो खटला इमारतींच्या बांधकामावरील नियंत्रणाविषयीचाच होता. कल्पित एकदा स्वीकारले की ते तर्काच्या अखेरपर्यंत नेले पाहिजे. अर्ध्या वाटेवर कल्पनाशक्तीने कच खाता कामा नये. दुसरा नियम १९५५ च्या बंगाल इम्युनिटी कंपनीच्या खटल्यातला. ज्या हेतूने कल्पित निर्माण केले, त्या हेतूच्या मर्यादेपलीकडे ते ताणता कामा नये. दत्तकाच्या कलमात हे दोन्ही नियम शेजारी शेजारी नांदतात. मुलगा सर्व कारणांसाठी नव्या घरचा होतो, पण जन्मघराण्यात ज्या मुलीशी त्याचा विवाह निषिद्ध होता तिच्याशी तो दत्तकानंतरही निषिद्धच राहतो. छताची परीक्षा मी या दोन नियमांनी करू इच्छितो.

आदिलाबाद शहरात अलीकडे बांधलेल्या दोन घरांची अशी छते माझ्या पाहण्यात आली. घरे खाजगी आहेत, म्हणून नावांचे प्रयोजन नाही. पहिल्या घराचा दिवाणखाना मोठा आहे आणि खर्चात कसूर नाही. पण तेथील तुळया भिंतीपर्यंत पोहोचतच नाहीत. भिंतीलगत हातभर रुंदीची सपाट पांढरी पट्टी सोडली आहे, आणि तुळया त्या पट्टीच्या कडेशी येऊन थांबतात. तुळई म्हटली की तिला टेकण्यास भिंत हवी, निदान भिंतीला चिकटून अर्धी तुळई तरी फिरवलेली हवी. ही तुळई हवेत सुरू होते आणि हवेत संपते. त्यातही मुख्य तुळया खोलीच्या लांबीच्या दिशेने धावतात. खरी तुळई नेहमी आखूड अंतर ओलांडते, कारण लांब तुळई वाकते. हे बांधकामाचे पुस्तक न वाचलेल्या माणसासही कळते, कारण त्याने जन्मभर घरे पाहिलेली असतात. सर्वांत खटकणारी गोष्ट दिव्यांची. प्रत्येक तुळईच्या पोटाला ओळीने भोके पाडून त्यांत दिवे बसवले आहेत. जिच्यावर घर तोललेले असल्याचे आपण मानावयाचे, तिलाच चाळणीसारखे पोखरलेले पाहून कल्पनाशक्ती अर्ध्या वाटेवर कच खाते. पहिल्या नियमाचा भंग तो हाच.

दुसऱ्या घराची खोली लहान, १५ फूट बाय १२ फूट. येथे सुताराने आधी खोलीस प्रश्न विचारले आणि मग लाकडास हात घातला, हे कामावरून दिसते. कोणतीही खोली पूर्णपणे गुण्यात नसते आणि स्लॅबचे पोटही सपाट नसते. त्याने भिंतीवर भरवसा न ठेवता मध्यरेषा धरली, दोरीने छतावर आखणी केली आणि उतार पाणसळीने काढला. भिंतींच्या वाकडेपणातून आलेला फरक त्याने कडेच्या चारही अर्ध्या तुळयांत वाटून टाकला, म्हणून तो डोळ्यांस सापडत नाही. खण त्याने लांबीत पाच व रुंदीत तीन पाडले. संख्या विषम ठेवण्यात हिशेब आहे. चार खण पाडले असते तर खोलीचा मध्य तुळईवर आला असता आणि पंख्याचा आकडा तुळईतून बाहेर काढावा लागला असता. येथे पंखा मधल्या खणातून उतरतो, आणि त्याचा दांडा इतका लांब ठेवला आहे की पाती तुळयांच्या बरीच खाली फिरतात. ती खणात अडकून फिरली असती तर वारा कोंडला असता, आणि आदिलाबादच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा छताच्या सौंदर्याची कोणास आठवणही राहिली नसती.

या छताची आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. मुख्य तुळया आखूड दिशेने भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड नेल्या आहेत, आणि आडव्या कड्या त्यांच्याहून अरुंद व कमी खोल ठेवून किंचित वर बसवल्या आहेत. पाश्चात्त्य नमुन्याच्या खणांत उभ्या व आडव्या तुळया एकाच पातळीत आणि एकाच मापाच्या असतात. आपल्या कडीपाटात तुळई खाली आणि कडी तिच्यावर, असा मान असतो. हा मान पाळल्यामुळे ते छत परदेशी छापील चित्राची नक्कल वाटत नाही. ते येथल्याच जुन्या घराचे वंशज वाटते. दत्तक असले तरी सगोत्र म्हणता येईल असे!

दुसऱ्या नियमाचा, म्हणजे मर्यादेचा, संबंध मुख्यतः खोलीच्या उंचीशी व शेवटच्या हाताशी आहे. दहा फुटी उंचीच्या खोलीत फूटभर खोल तुळया टाकल्या की छत डोक्यावर येते. वाड्याच्या दिवाणखान्यास जे शोभते ते तीन खोल्यांच्या घरास ओझे होते. या दुसऱ्या घरात तुळईची खोली पाच इंचांवर थांबली आहे, आणि खणांच्या आतील पडद्या पांढऱ्या ठेवल्या आहेत, म्हणून खोली अंधारत नाही. शिवाय हे छत एकाच खोलीत आहे. स्वयंपाकघरात धूर व तेलकट वाफ खणांच्या कोपऱ्यांत साचते, आणि निजण्याच्या खोलीत डोळे मिटून पडणाऱ्यास तुळया कशास हव्यात?

शेवटच्या हाताविषयी लोकांत एक गैरसमज आहे की, जितकी चकाकी अधिक तितके काम उंची. वस्तुतः छतास कोणाचा हात लागत नाही, पाण्याचा थेंब पोहोचत नाही, तेव्हा जाड चकचकीत लेपाची तेथे गरजच नसते. चकाकी प्रत्येक सांध्याची, प्रत्येक खिळ्याच्या खुणेची आणि प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाची चहाडी करते. चपड्याचे पातळ हात देऊन, मधून मधून घासून, शेवटी मंद तेज ठेवणे हे अधिक कष्टाचे व अधिक शहाणपणाचे. लाकडाच्या स्वभावाचाही विचार हवा. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत ती कोरड्या उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. सागात हे प्रमाण कमी, पण शून्य नव्हे. म्हणून खणातील सलग फळी चारही बाजूंनी खिळ्यांनी जखडली तर ती पुढेमागे तडकते. ती खाचेत सैल बसवावी, म्हणजे ऋतूंबरोबर तिला हलता येते. गोव्यातील जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत कौलांखाली जी लाकडी छते असतात, ती ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहेत, त्या कोकणी वाचकांस हे पटवून देण्याची गरज नाही. तेथील छत कौलांतून गळणारी धूळ व उन्हाची झळ अडवण्याचे काम करते. त्यास हेतू आहे, म्हणून त्यास मर्यादाही आपोआप सापडली आहे.

येथवर सौंदर्याचा विचार झाला. परंतु आदिलाबादेत सागवानाविषयी लिहिताना तेवढ्यावर थांबणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. लाकूड आले कोठून, हा प्रश्न छताच्या टीकेत आलाच पाहिजे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे एकोणसत्तरावे कलम असे की, एखादा वनोपज सरकारचा आहे की नाही असा वाद त्या कायद्याखालील कारवाईत निघाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरावयाचा. हे कल्पित नव्हे. हे गृहीतक आहे, आणि पुरावा देऊन ते खोडता येते. पण पुराव्याचा भार लाकूड बाळगणाऱ्यावर पडतो. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर वनक्षेत्रांतील तोड व लाकूड कापण्याच्या गिरण्या यांवर कडक निर्बंध आले. तेव्हापासून वाहतुकीचा परवाना नसलेला सागाचा ओंडका म्हणजे घरात आणलेला खटलाच होय. ज्या रानांत गोंड व कोलाम पिढ्यान् पिढ्या राहिले, त्यांना झोपडीसाठी चार वासे तोडल्याबद्दल जाब द्यावा लागावा, आणि शहरातील दिवाणखान्यात भार न उचलणाऱ्या तुळयांसाठी तोच साग बिनदिक्कत चढावा, ही विषमता ज्यास टोचत नाही त्याची रसिकता अपुरी आहे असे मी म्हणेन.

यातून दोन वाटा निघतात. परवान्याचे लाकूड काटकसरीने वापरणे ही एक. प्लायवूडच्या पोकळ तुळईवर सागाचे पातळ पापुद्रे चढवणे हे या दृष्टीने नक्कल असूनही निंद्य नाही, कारण त्यात एका ओंडक्यात अनेक घरे भागतात. नव्या घरासाठी पाडलेल्या जुन्या घराचेच लाकूड वापरणे ही दुसरी वाट. आज गावोगावी कडीपाटाची घरे पडत आहेत आणि त्यांच्या तुळया व्यापाऱ्याच्या वखारीत जात आहेत. वर ज्या दुसऱ्या घराची प्रशंसा केली, तेथील तुळया आजोबांच्या घरच्याच होत. त्या चिरून त्यांच्या पट्ट्या केल्या आहेत. जुन्या खुंट्यांची भोके तशीच ठेवली आहेत, त्यांत पुट्टी भरलेली नाही. ती भोके दिव्यांसाठी पाडलेल्या भोकांहून अगदी वेगळी दिसतात, कारण ती तुळईने एके काळी केलेल्या कामाची साक्ष देतात. कार्ल्याच्या फासळ्यांप्रमाणेच तेथेही लाकूड आता भार उचलत नाही, आठवण उचलते.

माझा निर्णय असा. खणांचे छत केवळ खोटे आहे म्हणून त्याज्य ठरत नाही. ते बसवणाऱ्याने तुळई मानली असेल तर तिला तुळईसारखे वागवावे. तिला भिंतीवर टेकवावे, आखूड दिशेने न्यावे, पोखरू नये. घराच्या उंचीस व ऐपतीस जेवढे पेलते तेवढ्यावर थांबावे. आणि लाकडाचा परवाना दाखवता येत नसेल तर छत सपाट पांढरे ठेवावे, त्यात कमीपणा नाही. या अटी पाळणाऱ्या घरी जेवून उठल्यावर पाहुण्याने वासे मोजले, तर यजमानाने राग मानू नये. ते मोजण्यासाठीच बसवलेले आहेत.